आईचं लग्न आणि चार टायर

नाही, विचार करू नये असं माझं म्हणणं नाहीच. माणसानं करावा विचार. घर घेताना करावा, मुलाचं नाव ठेवताना करावा, लग्न ठरवताना तर दोनदा करावा... पण टायर घेताना? सप्टेंबरपासून नोव्हेंबर संपत येईपर्यंत? तुम्हाला सांगते, माझ्याशी लग्न करायचं हे आमच्या एकहार्टनं ट्रामच्या एका फेरीत ठरवलं होतं. चढला तेव्हा मोकळा होता, उतरला तेव्हा माझा. आणि तोच माणूस चार काळ्या चाकांपुढे अख्खा शरद ऋतू बसून राहिला, आज हे, उद्या ते, परवा पुन्हा हे... आणि माझं मागणं काय होतं हो? मला फक्त वर जायचं होतं.

वर म्हणजे देवाकडे नव्हे. तसा त्या दिवसांत तिकडचाही विचार एकदोनदा मनाला चाटून गेला, खोटं कशाला बोलू. पण वर म्हणजे आईकडे. आम्ही राहतो खाली फ्रायबुर्गात, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी, जिथे नोव्हेंबरातसुद्धा लोक चौकात पाय पसरून आइस्क्रीम चाटत बसतात. आणि आई वर, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरमाथ्यावर, जिथे मे उजाडला तरी दारामागचं फावडं कोणी आत ठेवत नाही. अंतर म्हणाल तर गाडीनं तासाभराच्या आतलं. पण निघालात की आधी लागतं हिमेलराइख, म्हणजे स्वर्गाचं राज्य, आणि ते मागे पडलं की लगेच ह्योलेनटाल, म्हणजे नरकाची दरी, आणि मग घाट. मी पदरचं काही सांगत नाही, तशा पाट्याच आहेत रस्त्यावर. स्वर्गात पाऊस असतो, नरकात गारा आणि घाटात बर्फ. आता अशा रस्त्याला टायर कुठला घालायचा?... बघा, मीसुद्धा त्याच्यासारखी बोलायला लागले.

तर सप्टेंबरात आईचा फोन. "रोझविता, बसलीयस का?"

म्हटलं, बसलेय.

"मग ऊठ आणि कपाटात एखादा बरा झगा आहे का बघ. मी लग्न करतेय."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई हो माझी, वालबुर्गा. मी खरंच उठले आणि परत बसले. म्हटलं, कुणाशी? तर म्हणे आन्सेल्मशी. आन्सेल्म म्हणजे गावचा बर्फवाला. जन्मभर त्यानं बर्फ काढायची गाडी चालवली, पुढे भला मोठा लोखंडी फाळ, मागे आन्सेल्म. बाबा गेले त्या हिवाळ्यापासून तो आईच्या दारातलं बर्फ न सांगता काढून द्यायचा, आणि आई त्याला न विचारता कॉफी द्यायची, आणि अशी ती कॉफी वाढत वाढत लग्नापर्यंत गेली. मला आनंद झाला, अगदी मनापासून. फक्त एवढंच म्हटलं, आई, नोव्हेंबरात कशाला गं, मेमध्ये कर की, ऊन असतं, फुलं असतात.

तर म्हणाली, "अगं, या वयात मेची वाट बघणाऱ्या बायकांना मेमध्ये फुलं मिळतातच. पण ती आडवं पडून घ्यावी लागतात."

तारीखही तिनं ठरवून टाकली होती. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार, सकाळी अकरा, गावच्या कचेरीत. "आणि साक्षीदार तू. तू आल्याशिवाय मी कागदाला हात लावायची नाही," म्हणाली. मी धावत एकहार्टकडे गेले, म्हटलं, ऐकलंस का, आई लग्न करतेय. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता अरे वा, किंवा अरे बापरे, दोन्ही चाललं असतं. हा चष्मा वर करून म्हणाला, "नोव्हेंबरअखेर? मग टायरचं बघायला हवं."

आमचे जुने हिवाळी टायर होते की, बर्फासाठी आमच्याकडे वेगळे टायर लागतात. हॉटेलात होते. हो, आमच्याकडे त्याला हॉटेलच म्हणतात, टायरांचं हॉटेल. गॅरेजवाले लोकांचे टायर धुऊन, पुसून, नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवतात, सहा महिने हिवाळी, सहा महिने उन्हाळी. म्हणजे आमच्या घरातला कुणीतरी कायम हॉटेलात मुक्कामाला असतो. मी शेवटची हॉटेलात राहिले तेव्हा आमची मुलगी दुधाच्या दातांची होती, पण ते असो. गॅरेजवाल्या फालरनं ते टायर खाली काढले, बोटानं दाबले आणि म्हणाला, "हे गेले. रबराचा दगड झालाय. नवे घ्या. हिवाळी देऊ की बारमाही?"

एवढंच. एवढंच विचारलं त्या बिचाऱ्यानं. आणि त्या क्षणापासून माझ्या घरातली शांतता गेली.

कारण एकहार्ट साधा माणूस नाही ना. विमा कंपनीत होता जन्मभर. कुठे अपघात झाला की त्याचे कागद याच्या टेबलावर, आणि चूक कुणाची ते हा ठरवणार. अशा माणसाला "हे की ते" असं विचारायचं असतं का? रात्रीचा पाव कापता कापता सुरू. "हिवाळी टायर मऊ, थंडीतही कडक होत नाही, बर्फ धरून ठेवतो. पण आपण राहतो खाली. चौदा डिग्रीत तो लोण्यासारखा झिजणार." बरं मग, म्हटलं, बारमाही घे. "बारमाही एकदा घातले की बदलायची कटकट नाही. पण उन्हात उन्हाळीइतके चांगले नाहीत, बर्फात हिवाळीइतके नाहीत. ना घरचा ना घाटाचा." बरं मग हिवाळी घे. "पण आपण वर जातो किती वेळा?" मग बारमाही घे. "पण जातो तेव्हा घाटच असतो ना?" आणि चीज तसंच राहायचं ताटात, आणि पाव वाळायचा, आणि मी म्हणायची, एकहार्ट, मला फक्त वर जायचंय रे.

एकदा म्हटलं, नाणं उडव आणि मोकळा हो. त्यानं खिशातून नाणं काढलं. मला वाटलं, सुटलो. तो खाली गेला आणि ते नाणं आपल्या गाडीच्या टायरच्या खाचेत उभं घालून रबर किती झिजलंय ते बघत बसला.

मग रोज सकाळी आईला फोन. मला वाटलं, लग्नाची तयारी विचारतोय, किती गुणी जावई. तर हा विचारायचा, वर किती डिग्री. म्हणे सात डिग्रीच्या खाली गेलं की हिवाळी चांगला, वर असलं की बारमाही पुरे. दोन आठवडे आईनं सांगितलं. मग एक दिवस म्हणाली, "जावईबापू, मी नवरी आहे, हवामान खातं नाही. थंडी आहे का म्हणाल तर आहे, पण मला हल्ली वाजत नाही." आणि ठेवला फोन. याचे कान लाल.

शेजारच्या ब्युर्कलेबाईंचं मत वेगळंच. त्यांची चिमुकली लाल गाडी आहे, तिला कायम बारमाही टायर. म्हणाल्या, "दर सहा महिन्यांनी कसले टायर बदलता? मी नवरा बदलला नाही, आणि तो तर टायरपेक्षा जास्त झिजला होता." मला पटलं. एकहार्टलाही पटलं, चक्क. सोमवारी त्यानं फालरला फोन करून बारमाही सांगितले. बुधवारी पेपरात कुठे तरी गाडी घसरल्याचं वाचलं आणि हिवाळी सांगितले. शुक्रवारी ऊन पडलं आणि पुन्हा बारमाही. शेवटी फालर म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी घरी भांडून घ्या आणि मग मला सांगा."

आम्ही कुठे भांडत होतो? मी तर त्याला एके दिवशी जवळ बसवून सांगितलं, हे बघ, कुठलेही घे. चुकलं तरी मी तुला एका शब्दानं बोलणार नाही. तर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तीच तर पंचाईत आहे, रोझविता." आता याचा अर्थ काय घ्यायचा? मी घेतलाच नाही, भांडी घासायला उठले.

आणि असं करता करता नोव्हेंबर आला, आणि टीव्हीवर हवामान सांगणारी ती बाई हसत हसत म्हणाली की डोंगरात बर्फ पडणार. संपलं. आमच्याकडे पहिल्या बर्फाची नुसती बातमी आली की अख्खं शहर गॅरेजकडे पळत सुटतं, जणू बर्फ या वर्षीच शोधून काढलंय. एकहार्ट घाम पुसत फालरकडे गेला, म्हणाला, ठरलं, काहीही द्या. फालर म्हणाला, "देतो की. डिसेंबरच्या मध्यावर या."

तुम्ही म्हणाल, आगगाडी आहे ना वर जायला. आहे, छान आहे. पण नेमक्या त्या शनिवारी रुळांचं काम, गाड्या बंद. नशीब एकदा मागे लागलं की सुट्टीच्या दिवशीही कामाला येतं.

तो शनिवार उजाडला. आमच्या गल्लीत असं ऊन की शेजारचा पोरगा अर्ध्या चड्डीत. आणि आईचा फोन, "वर गुडघाभर पडलंय गं, काय सुंदर दिसतंय." मी झगा घालून तयार, केक तयार. केक मी स्वतः केलेला, दोन मजली, वर साखरेचे गुलाब. खाली आले, तर एकहार्ट लग्नाच्या काळ्या सुटात गाडीपाशी उभा. गाडीला उन्हाळी टायर. घाटात त्या टायरांनी जायची कायद्यानं बंदी, आणि हा विम्याचा माणूस, हा कसला जातोय. आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, अगदी तेव्हा त्यानं मला विचारलं, "रोझविता, खरं सांग, तुला काय वाटतं? हिवाळी की बारमाही?"

म्हटलं, मला वाटतं मी ब्युर्कलेबाईंचं दार वाजवते.

त्या बाईंना मी जन्मभर दुवा देईन. घरातल्या चपला काढून बूट घातले, किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "लग्न आहे ना? मग जेवण असेल. चला." मी पुढे, एकहार्ट मागे, त्याच्या मांडीवर केक. हिमेलराइखला पाऊस सुरू झाला. ह्योलेनटालात त्याचं चिखलबर्फ झालं. घाटात पांढरं. आणि मागून अखंड, "अंतर ठेवा... वळण आहे... हळू घ्या... पुढचा ब्रेक मारेल हं..." शेवटी ब्युर्कलेबाई आरशात बघून म्हणाल्या, "एकहार्टसाहेब, केक बघा कसा गप्प बसलाय. त्याच्याकडून काहीतरी शिका."

आणि गाडी चढत होती हो. खरंच चढत होती. बारमाही म्हणा, ना घरचे म्हणा, गावाचा शेवटचा चढ आला, वर कचेरीची घंटा दिसायला लागली, मी म्हटलं, जिंकलो... आणि वळणावर एक गाडी आडवी. नाक खड्ड्यात, शेपूट रस्त्यावर. ब्युर्कलेबाईंनी ब्रेक दाबला, आमची गाडी शहाण्या पोरासारखी जागच्या जागी थांबली. बघतो तर त्या आडव्या गाडीशेजारी बर्फात उभा काळा सूट, आणि सुटाच्या हातात फुलांचा गुच्छ.

आन्सेल्म. नवरदेव स्वतः.

खालच्या गावाहून फुलं आणायला गेला होता. आणि त्याच्या गाडीला नवे कोरे हिवाळी टायर, अजून दुकानाच्या रंगीत रेघासुद्धा पुसल्या नव्हत्या. एकहार्ट केक माझ्याकडे देऊन खाली उतरला. आधी नवरदेवाला कुठे लागलं का म्हणून विचारावं ना? विचारलं, पण वाकून टायर बघता बघता. मग ब्युर्कलेबाईंनी गाडी पुढे घ्यायला बघितली, तर ती जागेवरच चाकं फिरवायला लागली. थांबली ती थांबली, चढाला पुन्हा सुटेना. म्हणजे बघा, हिवाळी खड्ड्यात आणि बारमाही रस्त्यात, दोन्ही समोरासमोर, आणि मध्ये माझा नवरा, दोघांकडे आळीपाळीनं बघतोय. तीन महिने ज्याचा निकाल लागत नव्हता, तो निकाल देवानं डोळ्यासमोर मांडला होता, आणि तोही बरोबरीत.

त्यानं अगदी कळवळून विचारलं, "आन्सेल्म, तुम्ही जन्म काढलात बर्फात. तुम्ही तरी सांगा, कुठले घ्यावेत?"

आन्सेल्म लाजला. म्हणाला, "मला काय ठाऊक जावईबापू? माझ्यापुढे फाळ असायचा. बर्फ माझ्या वाटेतून बाजूला व्हायचं." आणि मग खाली बघून हळूच म्हणाला, "आणि आज घसरलो ते टायरमुळे नाही. वालबुर्गाला सही करताना काय म्हणायचं ते मनात घोकत होतो. वळण आलेलं कळलंच नाही."

मला इतका आवडला तो माणूस तेव्हा, काय सांगू.

अकरा तर वाजून गेले होते. निघालो चालत. पुढे आन्सेल्म फुलं घेऊन, मागे ब्युर्कलेबाई, मग मी, आणि शेवटी एकहार्ट दोन मजली केक छातीशी धरून. त्याच्या पायात लग्नाचे गुळगुळीत बूट. एक पाऊल वर, अर्धं पाऊल खाली. मी काही बोलणार होते, अगदी जिभेवर आलं होतं, पण दंडाला धरलं त्याच्या, तर तोच बोलायला लागला. म्हणाला, "ऑफिसात प्रत्येक कागदाच्या शेवटी एक ओळ असायची. 'टायर हवामानास योग्य नव्हते.' बस, तेवढीच ओळ, आणि वर कुणाचं तरी नाव. मी रोज वाचायचो. हिवाळी घ्यायचं ठरवलं की ती ओळ दिसायची. बारमाही ठरवलं तरी तीच. आणि नाव दर वेळी तुझं असायचं."

तीन महिने, रोझविता, मी स्वतःला म्हटलं, तीन महिने हा माणूस टायरचा नाही, तुझा विचार करत होता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, अरे, मग हे सप्टेंबरात का नाही बोललास? तर म्हणाला, "सप्टेंबरात तू भांडी घासायला उठलीस." तेही ऑक्टोबरात होतं, पण म्हटलं जाऊ दे. आणि तेवढ्यात तो घसरला. बसला खाली, चांगला दणकून, पण हात वर. केकचा एक गुलाब हलला नाही. ब्युर्कलेबाई म्हणाल्या, "पकड आहे हं माणसाला. फक्त खालच्या बाजूला नाही."

कचेरीच्या दारात आई उभी. पांढरा झगा आणि खाली गमबूट. तिच्या मागे लग्न लावणारा अधिकारी, भुकेला आणि वैतागलेला. आईनं आन्सेल्मकडे बघितलं, गुडघ्यापर्यंत ओला, नाक लाल, गुच्छात निम्मं बर्फ. म्हणाली, "मला वाटलं, पळालात."

"पळता आलं नाही," आन्सेल्म म्हणाला. "घसरायला होत होतं."

आत गेलो. अधिकाऱ्यानं पद्धतीप्रमाणे विचारलं, आपण स्वतःच्या मर्जीनं इथे आला आहात ना? आन्सेल्म वाटेत घोकलेलं सगळं विसरला. म्हणाला, "पायी आलोय, साहेब." आणि आई अशी हसली, अशी हसली की तिचा पेन कागदावरून सुटला. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मी साक्षीदाराची सही केली. हात गारठला होता, सही माझी मलाच ओळखू येईना, पण आईनं माझा तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि तेवढा वेळ खरं सांगते, मला टायर हा शब्दसुद्धा आठवला नाही.

पण शब्द कुठे जातो? सोमवारी एकहार्ट एकटाच फालरकडे गेला, परत आला आणि म्हणाला, "हिवाळी." एका दमात. डिसेंबरात बसले. सुंदर टायर, खोल खाच, मऊ रबर, त्यावर हिवाळीची खूण म्हणून डोंगराचं चित्र. मी म्हटलं, चला, आता दर रविवारी वर जाऊ.

आणि जानेवारीत आईचा फोन. "रोझविता, बसलीयस का?" आता मी उभीच राहून ऐकते. तर म्हणे आन्सेल्मला कंटाळा आलाय. म्हणतो, जन्मभर बर्फ ढकललं, आता नको. आणि फेब्रुवारीत ते दोघं खाली आले राहायला. फ्रायबुर्गात. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, चौकाच्या तोंडाशी, रोज आइस्क्रीम खातात. मला फक्त वर जायचं होतं हो... आता वर माझं कोणी नाही, आणि गाडीला घाटाचे टायर आहेत.

आणि आहेत म्हणजे अजून आहेत. जून लागला, डांबर वितळायला आलं, आमची गाडी रस्त्यानं मधमाशीसारखी गुणगुणत जाते. कारण ईस्टरनंतर उन्हाळी चढवायला गेलो, तर फालरनं ते बोटानं दाबले आणि म्हणाला, "हेही गेले. नवे घ्या. उन्हाळी देऊ की..." मी तिथेच त्याच्या तोंडावर हात ठेवणार होते, पण उशीर झाला होता. एकहार्ट म्हणाला, "विचार करून सांगतो."

आता मला माहीत आहे ना, तो कुणाचा विचार करतो ते. आईकडे चालत जाते. आणि बाजारासाठी म्हटलं, आपली आपण एक सायकल घ्यावी. गेले दुकानात, एक निळी आवडली, पैसे द्यायला पर्स उघडली, तर दुकानदार भला माणूस, मोठ्यानं विचारतो, "बाई, टायर कुठले बसवू, जाड की बारीक?"

म्हटलं, जरा हळू बोला. बाहेर नवरा उभा आहे.